पाळणा हलायच्या आधी

अगं, तिसरा महिना सरतो, मळमळ जरा आटोक्यात येते, दोन्ही घरी गोड बातमी सांगून होते. मग एका रात्री दिवा मालवल्यावर मनात येतंच, आपलं भागेल ना गं एवढ्यात? नवऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, "होईल सगळं." आईला विचारावं तर ती म्हणते, "आम्ही काय पगार मोजून पोरं वाढवली का?" दोघंही मायेनेच बोलतात, पण त्याने तुझा डोळा लागत नाही. म्हणून म्हटलं, आज तुझ्याशी नीट बसून बोलावं. धाकटीने विचारावं आणि मोठीने सांगावं, तसं.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पहिल्या वर्षात बाळ स्वतः फार थोडं मागतं. दूध, ऊब, कोरडे कपडे, वेळच्या वेळी लस आणि जवळ मायेचं माणूस. खर्च वाढतो तो आपल्या हौसेपायी, चार लोक काय म्हणतील म्हणून आणि आयत्या वेळच्या धावपळीत. तेव्हा कात्री लावायची ती या तिन्हींना. तुझ्या ताटातून आणि तुझ्या विश्रांतीतून एक रुपयाही कमी करायचा नाही. हे मुद्दाम बजावते, कारण आपल्या घरांत काटकसर सुरू झाली की पहिली झळ बाईच्या ताटाला लागते. फळं पुढच्या आठवड्यात आणू, अंडी राहू देत, सोनोग्राफी महिनाभर ढकलू. असं तुझ्या घरात होऊ देऊ नकोस.

आता कामाला लागू. दोघांच्या बँक खात्यांची मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंटं काढा. शनिवारी संध्याकाळी चहा घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीपुढे पेनाने खूण करा. भाडं, किराणा, दूध, वीज, गॅस, घरी आईवडिलांना पाठवायचे पैसे, हे एका बाजूला. हप्ते दुसऱ्या बाजूला. सवयीने जातात ते तिसऱ्या बाजूला: ऑफिसजवळची कॉफी, बाहेरून मागवलेलं जेवण, सेल लागला म्हणून घेतलेला कुर्ता, बस सोडून केलेली रिक्षा. आणि चौथा ढीग आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेची यादी दिसते, ती उघडून बघ. न बघितलेले ओटीटी, कधीच सोडलेलं जिम, फोनमधल्या जागेचं भाडं, सगळं तिथे सापडेल. जे दोघांनीही महिनाभरात उघडलं नाही, ते त्याच बैठकीत बंद करा. या चौथ्या ढिगाचा मोह कुणालाच नसतो, त्यामुळे सुरुवात इथूनच सोपी जाते.

त्यानंतरचं काम सगळ्यात मोलाचं. बाळ यायच्या आधीच एका पगारावर राहायची रंगीत तालीम करा. समजा, त्याचा पगार 42,000 आणि तुझा 30,000 आहे. भाडं 15,000, गाडीचा हप्ता 4,000, फोनचा हप्ता 2,500, गावी 5,000, किराणा-भाजी-दूध 9,000, वीज-गॅस-इंटरनेट 3,500. बेरीज 39,000 होते. त्याच्या पगारातले उरले 3,000. त्यात पेट्रोल, औषधं, सणवार आणि पाहुणेरावळे भागणार नाहीत, हे कागदावर लगेच दिसतं. दिसू दे. तालीम त्यासाठीच असते. पहिल्या महिन्यात तुझ्या पगारातले 6,000 घ्या आणि उरलेले 24,000 लगेच वेगळ्या खात्यात टाका. पुढच्या महिन्यात फोनचं उरलेलं कर्ज फेडता आलं तर फेडून तो हप्ता संपवा आणि तुझ्या पगारातले 4,000 च घ्या. चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरुवात केलीत तर बाळंतपणापर्यंत लाखाच्या वर रक्कम सहज साठते. त्याहून मोठी कमाई म्हणजे कुठलं घर आपल्याला झेपतं, हे तुम्हाला आतून कळलेलं असतं.

क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर ती मात्र सगळ्यांच्या आधी मिटवा. किमान रक्कम भरत राहिलं तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. असलं कर्ज अंगावर ठेवून बाळासाठी आरडी काढण्यात अर्थ नाही. आणि या दिवसांत नवा हप्ता नको, अगदी बिनव्याजी म्हणाले तरी नको.

तुझ्या रजेचं आत्ताच नीट विचारून घे. जिथे 10 किंवा जास्त माणसं कामाला आहेत आणि बाळंतपणाच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत तू किमान 80 दिवस काम केलंयस, तिथे 26 आठवड्यांची पगारी रजा हा तुझा कायदेशीर हक्क आहे. 2017 सालच्या दुरुस्तीआधी ती 12 आठवडेच होती. 26 पैकी जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. प्रकृती ठीक असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर आधी कमी घेऊन बाळासाठी जास्त राखता येतात. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर रजेचे पैसे त्या महामंडळाकडून येतात. कागदपत्रं वेळेत गेली नाहीत तर ते लांबतात, म्हणून सातव्या महिन्यापर्यंत फॉर्म भरून ठेव. रजेच्या काळात नोकरीवरून काढणं बेकायदा आहे, त्यामुळे विचारताना घाबरू नकोस. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कार्यालयाने पाळणाघराची सोय करायची असते, तेही एचआरला लेखी विचार.

खरी ओढाताण रजा संपल्यावर सुरू होते, हे मात्र लक्षात ठेव. बाळंतपणाचं बिल एकदा भरलं की संपतं, पाळणाघराची किंवा बाळ सांभाळणाऱ्या मावशींची रक्कम दर महिन्याला द्यावी लागते. आजी येऊन राहणार का, किती दिवस राहणार, तुला काही महिने बिनपगारी घरी थांबावंसं वाटलं तर काय, हे आत्ताच बोलून ठेवा. जवळची दोन-तीन पाळणाघरं बघून दर विचारून ये. तो आकडा तालमीच्या हिशेबात धरला की चित्र खरं होतं.

आता दवाखाना. घराच्या बजेटला सगळ्यात मोठं खिंडार इथेच पडतं, तेही न विचारल्यामुळे. खाजगीत नाव घालताना "पॅकेज किती" एवढंच विचारून उठू नकोस. नॉर्मल झालं तर किती आणि सिझेरियन झालं तर किती? त्यात भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ धरलेत का? औषधं, हातमोजे, टाके यांचं बिल वेगळं का? एक दिवस जास्त राहावं लागलं तर? बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर दिवसाचा दर काय, आणि ती सोय इथे आहे की दुसरीकडे हलवावं लागेल? हे सगळं लेखी माग. खोलीचं ठरवताना सांभाळ, कारण बऱ्याच रुग्णालयांत खोली वरच्या वर्गाची घेतली की डॉक्टरांच्या भेटीपासून ऑपरेशनपर्यंत बाकीचे दरही चढतात. विम्यात खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तू ती ओलांडलीस, तर कंपनी त्याच प्रमाणात बाकीच्या बिलालाही कात्री लावू शकते. दोन खाटांच्या खोलीत बाळंतपण झालं म्हणून काही कमी होत नाही.

विम्याचं म्हणशील तर दिवस राहिल्यावर काढलेली नवी पॉलिसी याच बाळंतपणाला उपयोगी पडत नाही, तिला आधी प्रतीक्षाकाळ असतो. पण नवऱ्याच्या किंवा तुझ्या कंपनीचा सामूहिक विमा असेल तर त्यात बाळंतपणासाठी मर्यादित का होईना रक्कम बऱ्याचदा असते, आणि पुष्कळदा ती पहिल्या दिवसापासून लागू असते. मर्यादा किती, कोणती रुग्णालयं यादीत आहेत, आणि जन्मलेल्या बाळाचं नाव किती दिवसांत कळवायचं, हे तिन्ही विचारून ठेव. नाव कळवायची मुदत चुकली आणि बाळ ॲडमिट झालं, तर सगळा भार खिशावर येतो.

सरकारी सोयींकडे नाक मुरडून बघू नकोस गं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून चालू आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, लागलंच तर सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, बाळंतिणीचं जेवण आणि ने-आण करायची गाडी, हे सगळं त्यात मोफत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. तू खाजगीतच जाणार असलीस तरी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात नोंद कर. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात, माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि आशाताईंची ओळख होते. रात्री-अपरात्री अडचण आलीच तर ती ओळख कामाला येते.

लहान दुकानात, घरगुती कामावर किंवा पगारी बाळंतरजा न देणाऱ्या ठिकाणी तू काम करत असशील तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजना बघ. पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात. 3,000 गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, 2,000 बाळाची जन्मनोंद आणि लशींचा पहिला टप्पा पुरा झाल्यावर. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असणं हा पात्रतेचा एक निकष आहे. अंगणवाडीताई फॉर्म भरून घेतात. रक्कम थोडी वाटेल, पण बाळंतिणीचं तूप आणि सुका मेवा त्यात बऱ्यापैकी निघतो.

लशींचंही तसंच. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ बी, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, नऊ महिन्यांनी गोवर-रुबेला, या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या सगळ्या लशी सरकारी केंद्रात मोफत आहेत. रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकलसुद्धा त्यात आल्या आहेत. पूर्वी या दोन्हींसाठी खाजगीत हजारो रुपये मोजावे लागत. त्या यादीबाहेरच्या लशींचं बालरोगतज्ज्ञांशी बोल आणि मग ठरव. पैसे वाचतात म्हणून लस पुढे ढकलायची नाही, फक्त ती कुठे घ्यायची एवढंच ठरवायचं.

आता घरात येऊ. स्वयंपाकघरात कंजूषपणा न करता पैसे वाचवायचे असतील तर बाहेरून येणारं जेवण थोपव. ते येतं थकव्यातून. संध्याकाळी सात वाजता दोघं दमून आलात, फ्रिजमध्ये काही नाही, की फोन हातात घेतला जातो. यावर उपदेश करून भागत नाही, तयारी लागते. रविवारी भाजणीचा डबा भरून ठेव, रवा भाजून ठेव, इडलीचं पीठ दळून फ्रिजमध्ये टाक, मेतकूट घरात असू दे. भाजणीत कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठ लावायला पंधरा मिनिटं लागतात. आणि नवऱ्याला आत्ताच वरण-भात, पोहे, खिचडी आणि एक पालेभाजी यायला हवी. बाळ झाल्यावर पहिले दोन-तीन महिने तुला ओट्याशी उभं राहणं जमणार नाही. त्या दिवसांत घरच्या पुरुषाच्या हातच्या खिचडीसारखा आधार नाही. पोळ्यांना मावशी येत असतील तर त्यांना बंद करू नकोस. त्यांचा महिन्याचा पगार आणि दोघांनी महिनाभर बाहेरून मागवलेलं जेवण यांची बेरीज शेजारी शेजारी मांडून बघ, उत्तर मिळेल.

बाळंतपण उन्हाळ्यानंतर असेल तर एप्रिल-मेमध्ये गहू, तांदूळ आणि तूरडाळ निदान सहा महिन्यांची भरून ठेव. घाऊक बाजारात दोन मैत्रिणींनी मिळून पोतं घेतलं तरी दरात फरक पडतो. गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा, डाळीला एरंडेल चोळायचं, हे सासूबाईंना किंवा आईला विचारून घे. बाळ आल्यावर वाण्याकडे खेपा मारायला सवड नसते, आणि दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या पिशवीत आपण न ठरवलेल्या दोन गोष्टी नेमक्या येतात. विजेच्या बिलाचं थोडक्यात सांगते: महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटांच्या आणि 300 युनिटांच्या पुढे दर चढत जातो. बाळ आल्यावर गीझर, पंखा, इस्त्री आणि वॉशिंग मशीन वाढणारच, तेव्हा वापर कुठे आटोक्यात ठेवता येतो ते आधीच बघून ठेव.

बाळाच्या वस्तूंकडे वळते, कारण मोह सगळ्यात जास्त इथे होतो. दुकानातल्या त्या गुलाबी-निळ्या भिंती बघून कुणाचंही मन हरखतं. आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणायच्या, बाळ यायच्या आधी खरेदी करू नये आणि पहिलं अंगडं जुनंच घालावं. त्यामागची श्रद्धा बाजूला ठेवली तरी व्यवहार पक्का आहे. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड नवजात कातडीला बोचत नाही. बहिणीच्या, जावेच्या, मैत्रिणीच्या मुलाची झबली, टोपरी, मच्छरदाणी, पाळणा मागून घ्यायला अजिबात संकोच करू नकोस. बाळ तीन महिन्यांत झबल्यातून बाहेर येतं, त्यामुळे ते कपडे विरलेलेही नसतात. बाटल्यांची बुचं आणि उरलेली औषधं मात्र कुणाची वापरायची नाहीत.

दुपटी घरीच शिव. माझ्या लेकीची सगळी दुपटी आजीच्या सुती नऊवारीतून झाली. कसं करायचं सांगते. साडी गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायची. फॉल आणि जरीचा काठ उसवून टाकायचा, जर बाळाच्या गालाला ओरखडते. मग साधारण मीटरभर चौकोनी तुकडे कापायचे, दोन तुकडे उलटे एकावर एक ठेवून तीन बाजू शिवायच्या आणि पिशवीसारखं पलटायचं, म्हणजे शिवण आत जाते. चौथी बाजू दुमडून बंद करायची आणि मधून सैलसर धावदोरा घालायचा, की थर सरकत नाहीत. पाचवारीतून अशी दोन दुपटी निघतात, उरलेल्या पट्ट्यांचे नाडीचे लंगोट होतात. बटणं, लेस, हुक काही लावायचं नाही. डोहाळजेवणाला येणाऱ्या मावश्या-काकूंना एकेक दुपटं शिवायला सांगितलंस तर त्या आनंदाने शिवतील.

डायपरचं गणित कर. एक 10 रुपयांचा धरला आणि दिवसाला 8 लागले, तर दिवसाचे 80 आणि महिन्याचे 2,400 होतात. रात्रीचा एक आणि बाहेर जाताना एखादा ठेवून दिवसभर लंगोट वापरले तर 500 च्या आसपास भागतं. वर्षाला वीस हजारांहून जास्त फरक पडतो. पण लंगोट धुणार कोण, हे आधी ठरव. ते काम एकट्या तुझ्या अंगावर येणार असेल तर ती बचत खरी नाही. तो सकाळी बादली धुवायला तयार असेल तरच लंगोटांचा बेत कर. आणि बाळंतपण जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर कपडे सुकत नाहीत हे लक्षात घे, त्या दोन महिन्यांत डायपर जास्त लागले तर मनाला लावून घेऊ नकोस.

न घेतलेलं बरं, अशा वस्तू सांगते. चाकांचा वॉकर घेऊ नकोस, बालरोगतज्ज्ञ तो नकोच म्हणतात. बाळाच्या खोलीचं फर्निचर, बाटली गरम करायचं यंत्र, वाइप्स गरम करायचा डबा, महागडी आंघोळीची खुर्ची, हे सगळं राहू दे. दूधपावडर आणि बाटल्या आधी आणून ठेवू नकोस. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दूधपावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही. पहिले सहा महिने आईचं दूधच पुरतं. पण काही कारणाने तुझं दूध कमी पडलं आणि डॉक्टरांनी पावडर लिहून दिली, तर त्याच दिवशी आण. तिथे पैशाचाही विचार नको आणि लोक काय म्हणतील याचाही नको.

समारंभांचं बोलू. डोहाळजेवण व्हायलाच हवं, तुझे लाड करायचा तो दिवस आहे. पण त्यासाठी हॉल, फुग्यांची कमान, फोटोवाल्याचं पॅकेज आणि एकदाच नेसायचा घागरा लागतो असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. घरच्या हॉलमध्ये, मोगऱ्याच्या वेण्या आणि फुलांचे दागिने, पंचपक्वान्नांतलं तुला आवडणारं एखादं पक्वान्न, चार हौशी काकूंची गाणी, एवढ्यात तो दिवस भरून जातो. बारशाचंही तसंच ठरवा, आणि दोन्ही घरच्या मोठ्यांना आधीच प्रेमाने सांगा, म्हणजे आयत्या वेळी रुसवेफुगवे होत नाहीत. कुणी विचारलं, "आहेर काय आणू?" तर "काही नको गं" म्हणू नकोस, नाहीतर घरात एकसारखे सहा खेळणीसंच येतात. मच्छरदाणी हवी, आळीव-डिंक हवा, पहिल्या महिन्याची मालीशवाल्या बाईंची रक्कम द्या, असं मोकळेपणी सांग. जवळच्या माणसांना उपयोगाचं द्यायला आवडतं.

अजून एक गोष्ट, थोडी नाजूक. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे, आणि तिचा भार आईबाबांच्या पेन्शनवर पडतो. तूप, खारीक-खोबरं, बदाम, दवाखान्याच्या खेपा, मालीश, पाहुण्यांचा चहा, हे सगळं ते तोंडातून अवाक्षर न काढता करतात. तुमच्या बजेटमध्ये त्या दोन-तीन महिन्यांसाठी माहेरचा एक वेगळा रकाना ठेव. नवऱ्याने जाऊन सासऱ्यांच्या हातात पैसे दिले तर त्यांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून किराण्याचं बिल आणि औषधांचं बिल तुम्ही परस्पर भरून टाका. बाळ दोन्ही घरांचं आहे, तर खर्चही दोन्ही घरांचा असू दे.

कुठे हात आखडता घ्यायचा नाही, ते पुन्हा सांगते. दूध, डाळ, पालेभाजी, फळं, चालत असतील तर अंडी. महागड्या प्रोटीन पावडरच्या डब्यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचार, ते म्हणाले नको तर ते पैसे शेंगदाण्यात, राजगिऱ्यात आणि नाचणीत घाल. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं आणि ती कुठल्याही वाण्याकडे मिळते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. तसंच धुण्या-भांड्यांच्या मावशींना या वर्षात कमी करू नकोस. ओटीटी बंद कर, गाडी बदलणं पुढे ढकल, सहल पुढच्या वर्षी कर, पण माणसाच्या मदतीवर होणारा खर्च चालू ठेव. बाळंतिणीला झोप मिळाली की अर्धी दुखणी टळतात.

वाचलेले पैसे कुठे ठेवायचे? आधी बाळंतपणाची रक्कम आणि तीन महिन्यांचा घरखर्च, लगेच काढता येईल अशा खात्यात ठेवा. ते झाल्यावर आरडी. मुलगी झाली तर सुकन्या समृद्धी खातं 250 रुपयांतही उघडता येतं, आणि ती दहा वर्षांची होईपर्यंत मुदत आहे, म्हणून पहिल्याच महिन्यात धावायला नको. नात्यातलं कुणी मुलाच्या शिक्षणाची पॉलिसी घेऊन आलं तर "सहा महिन्यांनी बघू" म्हणून सांग. त्याऐवजी घरात ज्याच्या पगारावर सगळं चालणार आहे, त्याचा साधा मुदत विमा आधी काढा. आणि बाळाची जन्मनोंद 21 दिवसांच्या आत करून घ्या, ती मोफत होते. नाव ठरलं नसेल तर ते नंतर वर्षभरात घालता येतं.

एवढं सगळं एकदम करायचं दडपण घेऊ नकोस. या शनिवारी स्टेटमेंट काढा. पुढच्या पगाराला तुझे पैसे वेगळ्या खात्यात टाका. त्याच आठवड्यात रजेचा आणि विम्याचा असे दोन ईमेल पाठव. बाकीचं महिन्याला एकेक उरकत जाईल. दर महिन्याच्या हिशेबाला दोघांनी मिळून बसा, एकट्याने कुणीच ओझं वाहू नका. आणि मनात काही खुपत असेल तर आईला, बहिणीला, मला, कुणाला तरी सांग. घर थोडक्यात चालतं गं, फक्त ते दोघांनी ठरवून चालवावं लागतं.